ताण बागेचा आणि ताण लेकरांचा



सध्या शेतात कामाची गर्दी आहे. तुरीच्या शेंगा वाळत आल्या, कपाशीची वेचणी चालू आहे, हरभऱ्यावर घाटेअळी दिसू लागली आहे आणि काटोल-नरखेडकडे आंबिया बहाराच्या संत्राबागा ताणावर सोडलेल्या आहेत. या आठवड्यात आलेली बहुतेक पत्रे ताणाबद्दलचीच आहेत. एक पत्र मात्र वेगळ्या ताणाचे आहे. उमरेड तालुक्यातील एका भगिनीने लिहिले आहे की, त्यांची नववीतली मुलगी दोन महिन्यांपासून गप्प गप्प असते, अर्ध्या जेवणावरून उठते, डोके दुखते म्हणून शाळा बुडवते. दवाखान्यात दाखवले, तर डॉक्टरांनी 'काही नाही' म्हणून सांगितले. शेवटी त्या लिहितात, "हा प्रश्न शेतीचा नाही, पण कोणाला विचारावा ते कळत नाही."

ताई, पीक ज्या घरातून निघते त्याच घरात लेकरू वाढते. म्हणून हा प्रश्न या सदरातलाच आहे असे मी समजतो. आज याच विषयावर लिहितो. पण आधी बागेचे सांगून टाकतो, कारण पुढचे त्याच्याच आधाराने सांगायचे आहे.

संत्र्याच्या झाडाचे पाणी तोडले की त्याची वाढ थांबते, अन्नसाठा फांद्यांत जमतो आणि पुन्हा पाणी मिळाले की ते फुलावर येते. म्हणून ताण लागतो. पण किती? हलक्या जमिनीत चार-पाच आठवडे पुरतात, भारी काळ्या जमिनीत सात-आठ आठवडे लागतात. आपण रोज बागेत जाऊन पाने पाहतो. पाने मलूल होऊन पिवळसर पडली, थोडीफार पानगळ झाली, की ताण पुरे झाला म्हणतो. कमजोर किंवा डिंक्या लागलेल्या झाडाला आपण ताण देतच नाही. आणि ताण तोडताना पहिले पाणी हलके देतो, एकदम पाट भरून सोडत नाही. हे शहाणपण तुमच्याजवळ पिढ्यानपिढ्या आहे. मी कृषी महाविद्यालयात पुस्तकातून शिकलो, तुम्ही वडिलांच्या मागे फिरून शिकलात, इतकाच फरक.

आता घरात या. दहावीतल्या लेकराला ताण कोण कोण देतो ते मोजा. बाप म्हणतो, यंदा बोर्ड आहे. मामा फोनवर टक्के विचारतो. शाळेत सराव परीक्षा, शिकवणीत चाचणी, शेजारच्या घरातल्या हुशार मुलाचे उदाहरण. थोडा ताण हवाच. अभ्यास नको असे मी म्हणत नाही. परंतु जमीन हलकी की भारी, झाड निरोगी की आजारी, हे इथे कोणी पाहत नाही. सगळ्यांना सारखाच ताण, आणि पाने पिवळी पडली तरी तो चालूच.

हे मी मोठेपणाने सांगत नाही. माझ्या हातूनही ही चूक झालेली आहे.

२०१३ च्या जून महिन्यातली गोष्ट. दहावीचा निकाल लागून चार-पाच दिवस झाले होते. काटोल तालुक्यात मृग बहाराची एक बाग पाहायला गेलो होतो. बागाईतदाराने दोन तास झाडन्‌झाड दाखवले. घरी चहाला बसलो तेव्हा दाराच्या चौकटीला टेकून त्यांचा मुलगा उभा होता. ओळखीचा पोरगा. मी सहज विचारले, "काय रे, किती टक्के पडले?" तो आत निघून गेला. बाप म्हणाला, "बावन्न. शेजारच्याचे पंच्याऐंशी आले." मी मान हलवली, चहा प्यालो आणि निघालो.

रात्री आठला बापाचा फोन. "साहेब, पोट्टं घरी नाही. तुम्ही गेल्यापासून कोणाले दिसलं नाही." विहिरी पाहिल्या, शेतातले कोठे पाहिले, नातेवाइकांकडे फोन झाले. ते तीन तास त्या घरात कसे गेले असतील ते ज्याचे त्यालाच ठाऊक. अकराच्या सुमारास पोरगा एका एस.टी. स्टँडच्या बाकावर सापडला. त्याला सापडवला एका कंडक्टरने. शेवटची गाडी लावून तो घरी चालला होता. एकटे पोर बसलेले पाहून तो शेजारी बसला. कुठला, कोणाचा, घरून पळाला का, असे काही त्याने विचारले नाही. विचारले इतकेच, "जेवला का रे बाबू?" आपल्या डब्यातली उरलेली पोळी त्याच्या हातावर ठेवली. पोर रडू लागले. मग नंबर सांगितला.

दुसऱ्या दिवशी मी गेलो. पोरगा खाली पाहत म्हणाला, "काकाजी, तुम्ही बी तेच विचारलं." बाप बाजूला उभा होता. "मी त्याले हात नाही लावला साहेब, फक्त शेजारच्याचे टक्के सांगितले," म्हणाला. खरोखर, मारहाण कोणीच केली नव्हती. त्या बापाने दोन तास मला बागेतले पिवळे पान दाखवले होते आणि बी.एस्सी. झालेल्या मी ते पाहिले होते. दारात उभे असलेले पिवळे पान मात्र आम्हा दोघांनाही दिसले नाही.

तो मुलगा पुढे आय.टी.आय. करून आज मोटार वाइंडिंगचे काम करतो. त्याला विचारूनच हे लिहीत आहे. "लिहा काकाजी, पण नाव नका टाकू," म्हणाला.

सगळीच लेकरे अशी परत येत नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपला जीव घेतला. त्यांत सर्वांत मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा, १,७६४. त्याच अहवालात परीक्षेतील अपयश हे कारण २,२४८ मृत्यूंपुढे नोंदलेले आहे. म्हणजे निकाल हे एक कारण आहे, सगळे कारण नव्हे. घरातली भांडणे, कर्ज, छळ, आजार, एकटेपणा, असे पुष्कळ काही लेकराच्या मनात साचत असते. निकाल हे नुसते निमित्त होते.

दुसरा आकडा धीर देणारा आहे, कारण तो वेळेवर पाहायला शिकवतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत १३ ते १७ वयाच्या मुलांत शंभरामागे सुमारे सात मुलांना मनाची कोणती ना कोणती तक्रार आढळली. साठ मुलांचा वर्ग धरला तर चार मुले. ही चार मुले वेडी नाहीत, कामचुकारही नाहीत. ताप आल्यावर जसे औषधपाणी करतो तसे यांचेही करता येते आणि ती बरी होतात.

मग ओळखायचे कसे? पुढील खुणा दोन आठवड्यांहून अधिक टिकल्या तर लक्ष द्या.

१. झोप मोडणे किंवा दिवसभर पडून राहणे.
२. जेवणावरची वासना उडणे. वरचेवर पोटदुखी, डोकेदुखी, आणि तपासणीत काही न सापडणे.
३. आवडीची गोष्ट सोडून देणे. कबड्डी खेळणारा मैदानावर जात नाही, बैलजोडीच्या मागे असणारा गोठ्यात फिरकत नाही.
४. चिडचिड. मुलगे बहुधा रडत नाहीत, चिडतात. त्याला आपण माज म्हणतो.
५. "माझा काही उपयोग नाही", "मी नसलो तर बरे" असे बोलणे, किंवा जपून ठेवलेल्या वस्तू वाटून टाकणे. ही शेवटची खूण दिसली तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी हालचाल करा.

इथे एक गोष्ट शेतकरी घरापुरती सांगतो. कृषिपंपाची वीज पुष्कळदा रात्रीची असते. हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला बापाबरोबर पोरगा जातो. पहाटे झोपतो, सातच्या गाडीने शाळेला जातो आणि वर्गात डुलक्या देतो. मास्तर आळशी म्हणतात, बाप म्हणतो अभ्यासात लक्ष नाही. या वयात आठ तास झोप लागते. परीक्षेचे दोन-अडीच महिने तरी रात्रीच्या पाळीतून त्याला सोडा. शेजाऱ्याशी सावड करा, काहीही करा. झोप मिळाली की अर्धा ताण आपोआप उतरतो, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

बोलायचे कसे, हाही प्रश्न असतो. समोर बसवून "बोल, काय झाले?" म्हटले की लेकरू तोंड मिटते. शेंगा तोडताना, कापूस वेचताना, गाडीवर शेजारी बसून जाताना बोला. नजर एकमेकांवर नसली की शब्द सुटतात. पहिला प्रश्न टक्क्यांचा नको. "जेवला का? झोप लागते का? शाळेत कोणाशी पटत नाही का?" असे विचारा. ते सांगू लागले की मध्ये तोडू नका आणि लगेच उपाय सांगू नका. ताण तोडताना पहिले पाणी हलके द्यायचे असते, ते इथेही लक्षात ठेवा.

आपले स्वतःचे अपयश सांगायला लाजू नका. मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी एका विषयात नापास झालो होतो आणि ते दोन महिने वडिलांपासून लपवले होते. त्या दोन महिन्यांत महाराजबागेच्या बाकांवर मी किती दुपारी काढल्या ते कोणाला ठाऊक नाही. हे मी माझ्या मुलाला तो बारावीत असताना सांगितले. त्या दिवसापासून तो माझ्याजवळ चाचणीचे कमी गुणही सांगू लागला.

आता उमरेडच्या ताईंसाठी. ताई, मुलगी गप्प झाली की घरात पहिला संशय प्रेमप्रकरणाचा येतो. तो बाजूला ठेवा. मुलगी का बोलत नाही, याचे सर्वांत साधे कारण हे की, बोलले तर शाळा बंद होईल आणि लग्नाचे बघतील, असे तिला वाटते. म्हणून आधी तिला शब्द द्या, "काहीही असो, तुझी शाळा बंद होणार नाही." आणि तो पाळा. माझ्या भागातील एका गावात अशाच तीन-चार मुली एकाच वेळी शाळा बुडवू लागल्या होत्या. आयांनी असा शब्द दिल्यावर कळले की, एस.टी.च्या थांब्यावर काही टारगट पोरे रोज छेड काढत. बचत गटातल्या बायकांनी पाळी लावून गाडी येईपर्यंत थांब्यावर उभे राहायला सुरुवात केली, सरपंचांनी पोलीस ठाण्यात कळवले, आणि पंधरा दिवसांत मुली नियमित जाऊ लागल्या. तुमच्या मुलीचे कारण हेच असेल असे नाही. पण कारण बाहेर असते आणि डोके मात्र घरात दुखते, असे पुष्कळदा घडते. कारण कळूनही ती सावरली नाही, किंवा कारणच सापडले नाही, तर पुढे दिल्याप्रमाणे डॉक्टरांचा सल्ला घ्या.

शाळेची जबाबदारीही मोठी आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत देशभरच्या शिक्षणसंस्थांना मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांप्रमाणे शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा आहे. लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यायचे आहे. शिक्षकांना वर्षातून दोनदा याचे प्रशिक्षण द्यायचे आहे आणि मदतीचे दूरध्वनी क्रमांक मोठ्या अक्षरांत लावायचे आहेत. पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या सभेत उभे राहून विचारा, "आपल्या शाळेत यातले काय झाले?" भांडायचे नाही, विचारायचे. गणवेश आणि सहलीवर आपण तासभर बोलतो. यावर दहा मिनिटे बोलू.

शिक्षकच हे काम करतील, असे कोणी म्हणेल. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ सरकारी माध्यमिक शाळांत याचीच परीक्षा झाली होती. काही शाळांत हे काम शिक्षकाकडे दिले, काही शाळांत खास शिकवून तयार केलेल्या एका साध्या माणसाकडे. तो डॉक्टर नव्हता. त्याने शाळेत पेटी ठेवली, तिच्यात मुले आपली अडचण चिठ्ठीवर लिहून टाकीत; भित्तिपत्रक चालवले; ज्याला बोलायचे त्याच्याशी एकट्याने बोलला. आठ महिन्यांनी पाहता त्या शाळांचे वातावरण सुधारले, मुलांची उदासी आणि आपापसातली दादागिरी कमी झाली. शिक्षकांकडे काम दिलेल्या शाळांत मात्र फरक दिसला नाही. हे निष्कर्ष २०१८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मला वाटते, मास्तरांवर आधीच कामाचा बोजा आहे, आणि ज्याच्या हाती गुण आहेत त्याच्याजवळ मूल मन मोकळे करीत नाही. समुपदेशक येईपर्यंत एक चिठ्ठ्यांची पेटी तर कोणतीही शाळा ठेवू शकते. खर्च एका कुलपाचा. चिठ्ठी मात्र रोज वाचली पाहिजे आणि वर्गात मोठ्याने वाचून दाखवायची नाही.

मदत कुठे मिळते ते आता लिहून ठेवा. १४४१६ हा 'टेलिमानस'चा क्रमांक आहे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून तो सुरू केला. फोन फुकट आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येते आणि आईबापही करू शकतात. लहान मुलांच्या कोणत्याही संकटासाठी १०९८. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीन मुलामुलींसाठी 'मैत्री क्लिनिक' असते. आपल्या गावच्या आशाताईंना विचारा, त्या पत्ता सांगतील. नागपुरात मेडिकलमध्ये मानसोपचार विभाग आहे, आणि १८६४ सालापासूनचे प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. या रुग्णालयाचे नाव काढले की आपल्याकडे लोक हसतात. पाय मोडला म्हणून मेडिकलला नेले तर कोणी हसत नाही. मनाच्या डॉक्टरकडे नेलेले लेकरू बहुधा बोलणे, सल्ला आणि गरज पडली तर काही काळ गोळ्या, एवढ्यावर घरी परत येते. 'बाहेरचे लागले' म्हणून अंगारे-धुपारे करण्यात महिने घालवू नका.

कोणी लेकराने जिवाचे बरेवाईट करून घेण्याचा प्रयत्न केला तर पोलीस केसच्या भीतीने लपवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच धरले जाते आणि तिला उपचार देणे हे सरकारचे कर्तव्य ठरवले आहे. एक मिनिट न दवडता दवाखाना गाठा.

आता माझ्या खात्याचे सांगतो आणि हे प्रत्येक घराने आजच करावे. फवारणीची औषधे घरात उघड्यावर, खाटेखाली, धान्याच्या कोठीशेजारी ठेवू नका. पत्र्याची एक पेटी घ्या, कुलूप लावा, किल्ली एकाच जबाबदार माणसाजवळ ठेवा. लागेल तेवढेच औषध आणा. रिकाम्या बाटल्या घरात साठवू नका. हे आम्ही विषबाधा टाळण्यासाठी नेहमीच सांगतो, परंतु त्याचे दुसरे कारण मोठे आहे. मनातला अंधार कित्येकदा तास-दोन तासांचा असतो. तेवढा वेळ हाताशी विष नसले तर जीव वाचतो, आणि वाचलेले बहुतेक जण पुढे जगतात. कुलूप म्हणजे लेकरावर अविश्वास नव्हे. बांधावर कुंपण घालतो तसेच हे आहे.

शेवटचे, निकालाबद्दल. दहावीत नापास म्हणजे वर्ष गेले, हे आपल्या काळचे खरे होते. २०१५ पासून बोर्डाची पुरवणी परीक्षा निकालानंतर थोड्याच आठवड्यांत होते. एक-दोन विषय राहिले तर ए.टी.के.टी.ने अकरावीत प्रवेश मिळू शकतो. आय.टी.आय.चे काही व्यवसाय दहावी नापास मुलालाही खुले आहेत. हे निकालाच्या दिवशी नव्हे, आजच लेकराला सांगून ठेवा. पुढे दार आहे हे माहीत असलेले पोर अंधारात बाकावर जाऊन बसत नाही.

या रविवारी बागेत जाल तेव्हा पानांचा रंग पाहालच. संध्याकाळी घरी आल्यावर लेकराकडेही तेवढेच निरखून पाहा. आणि टक्क्यांआधी विचारा, जेवला का?

ताई, मुलीचे कसे आहे ते अवश्य कळवा. पत्रावर नाव नाही घातले तरी चालेल.

पुढील आठवड्यात हरभऱ्यावरील घाटेअळी आणि पक्षिथांबे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी